१९४३चा विचित्र हंगाम: युद्ध चालू असताना अमेरिकन कॉलेजांनी फुटबॉल कसा खेळला?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे जुने तक्ते चाळताना १९४३ या सालापाशी माणूस अडखळतोच. परड्यू विद्यापीठ १९४२ साली नऊपैकी आठ सामने हरलं होतं, पुढच्याच वर्षी त्याने नऊच्या नऊ जिंकले. विस्कॉन्सिन १९४२ साली देशात तिसरं होतं, पुढच्या वर्षी दहा सामन्यांत त्याच्या वाट्याला एकच विजय आला. १९४३ साली देशात दुसऱ्या क्रमांकावर आलेला संघ कुठल्याच विद्यापीठाचा नव्हता. तो नौदलाच्या एका वैमानिक-प्रशिक्षण केंद्राचा होता आणि आज त्याचा मागमूसही नाही. सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी ज्याला मिळाली, तो दहापैकी सहाच सामने खेळला होता. आणि अलाबामा, टेनेसी, ऑबर्न या दादा कॉलेजांच्या नावापुढे त्या वर्षी आकडेच नाहीत, कारण त्यांनी संघच उतरवले नाहीत.

गेली काही वर्षं अमेरिकेत कॉलेज खेळाडूंच्या 'ट्रान्सफर'वरून रणं माजली आहेत. २०२१पासून फुटबॉलपटूंना एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं, २०२४पासून हवं तितक्या वेळा. असला प्रकार पूर्वी कधी पाहिला नव्हता, असं जुने रसिक म्हणतात. पैशाच्या बाबतीत ते खरं आहे. पण खेळाडूंची घाऊक अदलाबदल याआधी एकदा झाली आहे, आणि तीही सरकारी हुकमाने. १९४३चा तक्ता वाचायचा तर एक गोष्ट शोधायची: कोणत्या कॉलेजच्या वसतिगृहात नौदलाची मुलं राहत होती, आणि कोणत्या कॉलेजच्या वसतिगृहात लष्कराची.

## आधी खेळ आणि हंगाम, थोडक्यात

हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हाताने खेळायचा आणि अंगावर धडकण्याचा अमेरिकन खेळ. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू असलेल्या बाजूला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड (साधारण ९ मीटर) पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत चेंडू नेला की 'टचडाउन', त्याचे ६ गुण, त्यानंतरच्या किकचा आणखी १. खेळात नुसती किक मारून गोल केला तर ३. आज चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. १९४०च्या सुमाराला मात्र तीच पोरं दोन्हीकडे खेळायची, त्यामुळे पंधरा-वीस चांगले खेळाडू असले की संघ उभा राहायचा. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपायचा. दर शनिवारी एक, असे नऊ-दहा सामने. राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी नव्हती. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावायची, तोच निकाल. निवडक संघांना १ जानेवारीच्या 'बोल' सामन्यांचं निमंत्रण मिळायचं. त्यांतला सगळ्यात मानाचा रोझ बोल, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात होणारा.

खेळाडूंवर तीन बंधनं होती. पहिल्या वर्षाच्या मुलाने मुख्य संघात खेळायचं नाही. एकूण तीनच हंगाम खेळायचं. आणि कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं. युद्धकाळात ही तिन्ही बंधनं सैल झाली, आणि पुढची सगळी गंमत तिथून सुरू होते.

## मुलं गेली कुठे?

७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा हंगाम नुकताच संपला होता. पहिला फटका रोझ बोललाच बसला. पश्चिम किनाऱ्यावर जपानी हल्ल्याची धास्ती होती आणि तिथे मोठी गर्दी जमू देऊ नये, असं लष्कराचं म्हणणं पडलं. मग तो सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरम गावी, ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावर हलवण्यात आला. शेजारच्या विद्यापीठांकडून बाकडी आणून जादा प्रेक्षकांची सोय केली गेली. १ जानेवारी १९४२ला ओरेगन स्टेटने ड्यूकला २०-१६ असं हरवलं. ओरेगन स्टेटचा जॅक योशिहारा हा जपानी वंशाचा खेळाडू मात्र त्या गाडीत नव्हता, त्याला जाऊ दिलं गेलं नाही. पुढे त्याची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका इथल्या, जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवायच्या छावणीत झाली.

१९४२चा हंगाम कसाबसा नेहमीसारखा पार पडला, कारण सक्तीच्या भरतीचं किमान वय तेव्हा २० होतं. त्या नोव्हेंबरात ते १८वर आलं आणि हिशेबच बदलला. कॉलेजमधला जवळजवळ प्रत्येक धडधाकट मुलगा आता भरतीच्या टप्प्यात आला. ज्यांनी आधीच राखीव दलांत नाव नोंदवलं होतं, त्यांना बोलावणं येऊ लागलं. प्रशिक्षकही गणवेशात गेले. रोझ बोल हरलेले ड्यूकचे वॉलेस वेड तोफखान्यात दाखल झाले.

त्यात प्रवासाची अडचण. डिसेंबर १९४२पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग आलं. साध्या घरगुती गाडीला आठवड्याला साधारण ४ गॅलन, म्हणजे १५ लिटर. खरी टंचाई पेट्रोलपेक्षा रबराची होती. टायर झिजू नयेत म्हणून ताशी ३५ मैलांची (५६ किलोमीटरची) वेगमर्यादा घातली होती. रेल्वेगाड्या सैनिकांनी भरलेल्या. हजार मैलांवरच्या सामन्याला संघ पाठवणं अवघड आणि लोकांच्या डोळ्यावर येणारंही.

## एक 'हो' आणि एक 'नाही'

नौदल आणि लष्कर या दोघांनाही अधिकारी हवे होते, शिकलेले आणि लाखांनी. कॉलेजांच्या इमारती रिकाम्या पडत होत्या. तेव्हा दोघांनीही कॉलेजांशी करार करून मुलं तिथे शिकायला ठेवली.

नौदलाच्या योजनेचं नाव व्ही-१२. ती १ जुलै १९४३ला १३१ कॉलेजांत सुरू झाली आणि एकूण सव्वा लाखाच्या आसपास मुलं तिच्यातून गेली. मरीन दल हे नौदल खात्याचाच भाग असल्याने मरीनची मुलंही तिच्यातच होती. मुलगा गणवेशात, नौदलाच्या शिस्तीखाली, महिना ५० डॉलर पगारावर. पण वर्गात तो नागरी विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून नेहमीचे विषय शिकायचा. आठवड्याला १७ क्रेडिटचा अभ्यास आणि साडेनऊ तास कवायत-व्यायाम. नापास झाला तर साधा खलाशी म्हणून रवानगी. त्याने कॉलेजच्या संघातून खेळायला मात्र नौदलाची ना नव्हती.

लष्कराच्या योजनेला ए.एस.टी.पी. म्हणत. तिचं वेळापत्रक आठवड्याला ५९ तासांचं होतं: २४ तास वर्ग आणि प्रयोगशाळा, २४ तास देखरेखीखालचा अभ्यास, ६ तास व्यायाम, ५ तास लष्करी शिक्षण. यात फुटबॉलच्या सरावाला जागाच नव्हती. लष्कराने सरळ सांगितलं, आमच्या मुलांनी आंतरमहाविद्यालयीन सामने खेळायचे नाहीत.

हे डोक्यात बसायला एक कल्पना करू. समजा, नौदलाने पुण्या-कोल्हापुरातल्या कॉलेजांतली दोनशे धडधाकट मुलं उचलली आणि हुकूम काढला की १ जुलैपासून यांनी सांगलीच्या एका कॉलेजात शिकायचं. जेवणखाण, फी, कपडे, सगळं सरकारी. त्या दोनशेंत पुण्याच्या दोन कबड्डी संघांचे मिळून आठ चढाईपटू निघाले. शेजारच्या मिरजेतल्या कॉलेजातही दोनशे मुलं आली, पण ती लष्कराची, त्यांना मॅटवर पाय ठेवायला बंदी. त्या वर्षीचा करंडक सांगलीला गेला तर नवल ते काय? आणि मिरजेच्या प्रशिक्षकाला दोष तरी कशाचा द्यायचा?

मिशिगन राज्यात नेमकं हेच घडलं. मिशिगन विद्यापीठात नौदलाची मुलं होती, त्यांचा संघ त्या वर्षी नऊपैकी आठ सामने जिंकला. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या मिशिगन स्टेट कॉलेजकडे लष्कराची मुलं होती. तिथे १९४३ साली संघच नव्हता.

## परड्यूचा चमत्कार कसा घडला?

इलिनॉय विद्यापीठातल्या काही तगड्या खेळाडूंनी मरीन दलाच्या राखीव तुकडीत नाव घातलं होतं. बोलावणं आलं तेव्हा त्यांना शिक्षणासाठी परड्यूला नेमण्यात आलं. त्यांत दोघे महत्त्वाचे: समोरची फळी फोडणारा गार्ड ॲलेक्स ॲगसी आणि चेंडू घेऊन मुसंडी मारणारा फुलबॅक टोनी बटकोविच. बाहेर बसण्याचा नियम शिथिल होता, त्यामुळे ते थेट मैदानात उतरले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परड्यूची गाठ त्यांच्याच जुन्या कॉलेजशी पडली. परड्यू ४०, इलिनॉय २१. इलिनॉयने त्या वर्षी दहापैकी तीनच सामने जिंकले.

विस्कॉन्सिनची कथाही अशीच. त्यांचा वाऱ्यासारखा पळणारा हाफबॅक एलरॉय हर्श (पळण्याच्या ढबीमुळे त्याला 'क्रेझीलेग्ज' म्हणत) मरीन म्हणून मिशिगनला गेला. मिनेसोटाचा बिल डेलीही मिशिगनलाच. बिग टेन या मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या संघटनेचं विजेतेपद त्या वर्षी परड्यू आणि मिशिगन यांनी वाटून घेतलं, ते काही योगायोगाने नव्हे.

लहान कॉलेजांच्या बाबतीत तर हा प्रकार आणखी मजेशीर झाला. टेक्सासमधल्या जॉर्जटाउन गावचं साउथवेस्टर्न विद्यापीठ एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेलं. तिथे व्ही-१२ची तुकडी आली, आणि तिच्यात टेक्सास विद्यापीठाचे खेळाडू होते. साउथवेस्टर्नने त्या बलाढ्य टेक्सासलाच १४-७ असं हरवलं आणि १ जानेवारी १९४४ला सन बोलही जिंकला. कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला अशाच मुलांचा आधार मिळाला. त्यांचे प्रशिक्षक ॲमॉस अलॉन्झो स्टॅग तेव्हा ८१ वर्षांचे होते. संघाने नऊपैकी सात सामने जिंकले आणि म्हातारबुवा वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले.

## मग १ नोव्हेंबरची एवढी धास्ती का?

व्ही-१२चं वर्ष १६ आठवड्यांच्या तीन सत्रांचं होतं. सत्रं १ जुलै, १ नोव्हेंबर आणि १ मार्चला सुरू व्हायची. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे सत्रबदल बरोबर हंगामाच्या मध्यावर. ज्यांचं शिक्षण पुरं झालं, ते पुढच्या प्रशिक्षणाला रवाना. त्यांची वाट कोण अडवणार?

त्यामुळे १९४३च्या प्रशिक्षकाला खरं तर दोन संघ बांधावे लागले, ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरचा. नोटर डेमचं उदाहरण यात सगळ्यात ठसठशीत. फ्रँक लेही प्रशिक्षक, अँजेलो बर्टेली क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार. पहिल्या सहा सामन्यांत नोटर डेमने २६१ गुण केले आणि फक्त ३१ दिले. बर्टेलीने ३६ वेळा चेंडू फेकला, त्यांतले २५ नेमके पोचले आणि १० थेट टचडाउनला. ३० ऑक्टोबरला नेव्हीला, म्हणजे ॲनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संघाला, ३३-६ असं हरवलं आणि बर्टेली साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडच्या मरीन तळावर निघून गेला.

पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कला आर्मीशी सामना. क्वार्टरबॅक म्हणून उतरला १८ वर्षांचा जॉनी लुजॅक. निकाल २६-० नोटर डेम. लेहींनी ऑक्टोबरभर दुसऱ्या मुलालाही तयार ठेवलं होतं, याचा हा पुरावा. ज्यांनी एकाच हुकमी खेळाडूवर भिस्त ठेवली होती, त्यांचे संघ नोव्हेंबरात ढेपाळले. परड्यूचा बटकोविचही हंगाम अर्धवट टाकून गेला. त्यानंतर परड्यूचे विजय आखडले, शेवटचा इंडियानावरचा तर ७-० असा कसाबसा.

बर्टेलीला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी मिळाली तेव्हा तो पॅरिस आयलंडवरच होता. नोटर डेमचा हंगामातला एकमेव पराभव त्याने तिथेच रेडिओवर ऐकला.

## तो पराभव कोणी केला?

ग्रेट लेक्स नौदल केंद्राने, १९-१४, खेळ संपायला मिनिटही उरलं नसताना. इथे दुसऱ्या जातीचे संघ येतात: थेट छावण्यांचे. शिकागोजवळचं ग्रेट लेक्स हे नौदलाचं भलंमोठं भरती केंद्र. आयोवा, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया आणि कॅलिफोर्नियातलं सेंट मेरीज इथे 'प्री-फ्लाइट' शाळा होत्या, म्हणजे वैमानिक होऊ घातलेल्यांना विमानाला हात लावण्याआधी कणखर बनवणाऱ्या शाळा. टॉम हॅमिल्टन या नौदल अधिकाऱ्याच्या आग्रहामुळे तिथे फुटबॉल हा प्रशिक्षणाचाच भाग होता. या संघांत कॉलेजचे माजी खेळाडू असायचे आणि काही व्यावसायिकही. आयोवा प्री-फ्लाइटने १९४३ साली दहापैकी नऊ सामने जिंकले. एकच हरला, नोटर डेमशी, १३-१४. तक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर दिसतो तो हाच संघ.

कॉलेजांना हे प्रतिस्पर्धी सोयीचे होते. छावणी जवळ असायची आणि ज्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी संघ मोडले होते, त्यांच्या तारखा भरायच्या. तोटा असा की छावणीच्या संघात आज कोण आहे आणि पुढच्या शनिवारी कोण असेल, हे सांगता येत नसे.

## आक्षेप पहिला: आर्मीचा संघ तर खेळतच होता!

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. क्रीडापानावरचा 'आर्मी' म्हणजे वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. ते स्वतंत्र कॉलेज आहे, ए.एस.टी.पी.शी त्याचा संबंध नाही. तिथला कॅडेट शिक्षण संपेपर्यंत आघाडीवर जात नसे, म्हणून संघही टिकून राहायचा. प्रशिक्षक रेड ब्लेक यांनी याचा पुरेपूर फायदा उठवला. डॉक ब्लँचर्ड आधी नॉर्थ कॅरोलायनाला पहिल्या वर्षात होता, मग लष्करात भरती झाला आणि जुलै १९४४मध्ये वेस्ट पॉइंटला आला. ग्लेन डेव्हिस गणितात नापास होऊन बाहेर पडला होता, तोही १९४४ला परतला. त्या वर्षी आर्मीने नऊ सामन्यांत ५०४ गुण केले, दिले फक्त ३५. गतविजेत्या नोटर डेमला ५९-० असं धुतलं.

माझ्या मते त्या संघाच्या थोरवीबद्दल बोलताना हात जरा आखडता घ्यावा. ब्लँचर्ड आणि डेव्हिस कोणत्याही काळात चमकले असते, पण समोर उभी होती ती पुष्कळदा सतरा वर्षांची पोरं.

## आक्षेप दुसरा: ज्याला फुटबॉल खेळता येतो, त्याला लढता का येत नाही?

हा प्रश्न तेव्हाही वर्तमानपत्रांत विचारला जायचा. नौदलाची मुलं नसलेल्या कॉलेजांकडे दोनच प्रकारचे खेळाडू उरले होते. एक, अठरा न झालेले. दुसरे 'फोर-एफ', म्हणजे वैद्यकीय तपासणीत भरतीसाठी नापास ठरलेले. कानाचा पडदा फाटलेला, नजर अधू, गुडघा दुखावलेला. असा मुलगा शनिवारी दोन तास खेळू शकतो, घरी जाऊन गुडघा शेकू शकतो. खंदकात चिखलपाण्यात आठवडे काढायचे तर सैन्याला त्याचा भरवसा वाटत नाही, आणि तो कोसळला तर त्याला उचलायला आणखी दोघे लागतात. तपासणीचे निकष त्या हिशेबाने केलेले होते.

अशा मुलांवर संघ चालवणं सोपं नव्हतं. ओहायो स्टेट १९४२चं राष्ट्रीय विजेतं, पण त्यांचा करार लष्कराशी. १९४३ साली पॉल ब्राउन यांनी सतरा-सतरा वर्षांची मुलं उतरवली आणि नऊपैकी सहा सामने गमावले. जिंकलेल्या तिनांतला इलिनॉयशी झालेला सामना तर न्याराच. २६-२६ अशा बरोबरीत संपला असं समजून दोन्ही संघ कपडे बदलायला गेले, प्रेक्षक निघाले. मग कळलं की शेवटच्या खेळीत पंचांनी नियमभंग दाखवला होता. संघांना परत बोलावलं गेलं, १७ वर्षांच्या जॉन स्टंगिसने रिकाम्या होत चाललेल्या मैदानात किक मारली आणि ओहायो स्टेट २९-२६ जिंकलं.

अलाबामाने १९४३ साली संघ मोडला होता. १९४४ला अशाच कोवळ्या आणि फोर-एफ मुलांना घेऊन तो पुन्हा बांधला, त्यांना लोक 'वॉर बेबीज' म्हणत. १ जानेवारी १९४५च्या शुगर बोलमध्ये नौदलाची मुलं असलेल्या ड्यूककडून ते हरले, पण २९-२६ असे. मुलं नौदलाची होती की नव्हती यावर हंगाम ठरत होता, पण प्रत्येक शनिवार नव्हे.

## आक्षेप तिसरा: मग खेळ सरळ बंदच का केला नाही?

पुष्कळांनी केला. अलाबामा, टेनेसी, ऑबर्न, फ्लोरिडा, केंटकी, स्टॅनफर्ड. रोझ बोल जिंकलेल्या ओरेगन स्टेटनेही १९४३ आणि १९४४ असे दोन हंगाम वगळले. देशपातळीवर बंदीचा हुकूम मात्र निघाला नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा होता.

चालू ठेवणाऱ्यांकडे नुसती भावना नव्हती, हिशेबही होता. १९४४चा आर्मी-नेव्ही सामना ॲनापोलिसच्या लहान मैदानावरून बाल्टिमोरला हलवला आणि तिकिटाला युद्धरोख्यांच्या खरेदीची जोड दिली. युद्धरोखे म्हणजे नागरिकांनी सरकारला युद्धासाठी दिलेलं कर्ज. त्या एका सामन्यापोटी ५ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक रोखे खपले. दोनच वर्षांपूर्वी, १९४२ला, याच सामन्याला १० मैलांच्या आत राहणाऱ्यांनाच तिकीट होतं. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना प्रवासाची परवानगी नव्हती, म्हणून नेव्हीच्याच काही मुलांना हुकूम सुटला: तुम्ही आज आर्मीच्या बाजूने ओरडायचं. ती बिचारी ओरडलीही.

कपात जिथे सोसवत होती, तिथे झाली. १९४४च्या रोझ बोलला पूर्वेकडचा संघ बोलावलाच नाही, पश्चिम किनाऱ्यावरचे दोनच संघ खेळले आणि सदर्न कॅलिफोर्नियाने वॉशिंग्टनला २९-० हरवलं. गर्दी मात्र हटली नाही. ऑक्टोबर १९४३ला नोटर डेम आणि मिशिगन ॲन आर्बरला भिडले, तेव्हा पेट्रोल मोजून मिळत असतानाही ८६ हजारांवर लोक जमले.

युद्धात खेळाडू छावणीजवळच्या संघातून खेळतो, हे आपल्याकडेही झालं आहे. रणजी करंडक युद्धाची सगळी वर्षं चालू होता. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन सैनिक म्हणून महूला होता, म्हणून १९४४-४५च्या अंतिम सामन्यात तो होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर खेळला. त्याने नाबाद २४९ केल्या. विजय मर्चंट यांनी २७८ केल्या होत्या, मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

## आक्षेप चौथा: म्हणजे खेळाडूंना आघाडीतून सूट मिळाली?

सूट नाही, काही महिन्यांची मुदत. व्ही-१२चा मुलगा पदवीचा अभ्यास उरकला की अधिकारी प्रशिक्षणाला आणि तिथून पॅसिफिकमध्ये. लष्कराच्या मुलांचं तर आणखी लवकर झालं. फेब्रुवारी १९४४मध्ये ए.एस.टी.पी. जवळजवळ गुंडाळली गेली आणि एक लाखाहून जास्त मुलांना लढाऊ तुकड्यांत पाठवण्यात आलं. इंजिनिअर होतो होतो म्हणताना हाती रायफल आली.

१९३९चा हाइझमन विजेता, आयोवाचा नाइल किनिक, जून १९४३मध्ये सराव-उड्डाणात विमानासह समुद्रात पडून गेला. बर्टेली इवो जिमाला लढला. बटकोविच आणि विस्कॉन्सिनचा सहकप्तान डेव्ह श्रायनर हे दोघेही मरीन म्हणून ग्वादलकनाल बेटावर होते. १९४४च्या नाताळच्या आदल्या दिवशी चौथ्या आणि एकोणतिसाव्या मरीन रेजिमेंटचा तिथे फुटबॉल सामना झाला. दोन्हीकडे कॉलेजचे नामवंत खेळाडू, मैदान खडबडीत, निकाल ०-०. पुढच्या वसंतात त्या रेजिमेंटी ओकिनावावर उतरल्या. बटकोविच एप्रिल १९४५मध्ये मारला गेला, श्रायनर जूनमध्ये.

## खेळात काय कायमचं बदललं?

दोन गोष्टी, दोन्ही आजवर टिकलेल्या.

पहिली, चढाईचे वेगळे आणि बचावाचे वेगळे अकरा. १९४१ साली बदली खेळाडूंचे नियम सैल झाले होते, पण जुन्या सवयीमुळे कोणी फार लक्ष दिलं नव्हतं. १३ ऑक्टोबर १९४५ला मिशिगनचे फ्रिट्झ क्रिस्लर आपली कोवळी पोरं घेऊन आर्मीसमोर उभे होते. तीच मुलं दोन्हीकडे खेळवली तर अर्ध्या सामन्यात दमतील, हे उघड होतं. त्यांनी चढाईला एक गट आणि बचावाला दुसरा, अशी आलटून पालटून माणसं उतरवली. मिशिगन २८-७ हरलं, पण बराच वेळ झुंजलं आणि बाकीच्यांना युक्ती कळली. १९५३ला नियम पुन्हा आवळला गेला, १९६०च्या दशकात कायमचा सुटला.

दुसरी गोष्ट आयोवा प्री-फ्लाइटची. १९४३ला तिथले प्रशिक्षक होते मिसुरीचे डॉन फरो. त्यांनी 'स्प्लिट-टी' ही रचना शोधून काढली होती: समोरच्या फळीतल्या खेळाडूंमध्ये अंतर वाढवायचं, क्वार्टरबॅकने त्या रेषेलगत आडवं पळायचं आणि समोरचा बचावपटू कुठे झेपावतो ते पाहून चेंडू ठेवायचा की द्यायचा ते ठरवायचं. फरोंचे सहायक होते बड विल्किन्सन आणि जिम टेटम. एरवी कोणता प्रशिक्षक आपलं गुपित पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना शिकवेल? पण इथे तिघेही एकाच गणवेशात होते. युद्धानंतर टेटमने मेरिलँडला १९५३चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. विल्किन्सनच्या ओक्लाहोमाने १९५३ ते १९५७ सलग ४७ सामने जिंकले. आणि फरोंचं मिसुरी ओक्लाहोमाकडून दरवर्षी मार खात राहिलं.

## युद्ध संपल्यावर हे खेळाडू कुणाचे?

ज्याचे त्याचे. व्ही-१२ने मुलाला परड्यूला पाठवलं म्हणून तो परड्यूचा झाला नाही. सुटी मिळाल्यावर तो जुन्या कॉलेजात जाऊ शकत होता, नव्यात राहू शकत होता किंवा थेट व्यावसायिक संघात. हर्श विस्कॉन्सिनला परतला नाही, त्याने व्यावसायिक फुटबॉल धरला. लुजॅक नोटर डेमला परतला आणि १९४७ची हाइझमन घेऊन गेला. १९४६चे कॉलेज संघ त्यामुळे भलतेच तगडे होते: चोवीस-पंचवीस वर्षांचे, लढून आलेले गडी, शेजारी अठरा वर्षांची मुलं, आणि शिक्षणाचा खर्च माजी सैनिकांच्या सरकारी योजनेतून. त्या नोव्हेंबरात आर्मी आणि नोटर डेम पुन्हा भेटले. दोन वर्षांपूर्वी जिथे ५९-० झालं होतं, तिथे आता ०-०.

ॲलेक्स ॲगसी ओकिनावाला जखमी होऊन परतला तो इलिनॉयलाच. १९४२ला इलिनॉयकडून, १९४३ला परड्यूकडून आणि १९४६ला पुन्हा इलिनॉयकडून त्याची 'ऑल-अमेरिकन' म्हणजे देशातल्या निवडक अकरांत गणना झाली. तक्त्यात त्याच्या नावापुढे दोन कॉलेजं दिसतात ती म्हणून. त्या वर्षी इलिनॉयने बिग टेन जिंकलं आणि १ जानेवारी १९४७च्या रोझ बोलमध्ये यू.सी.एल.ए.ला ४५-१४ असं हरवलं.